नाण्यावरचा ‘नको’

गनोराने नाणे दाताखाली धरले, दाबून पाहिले आणि मगच मान हलवली.

ज्याचा ठसा नवऱ्याने स्वतःच्या हाताने कोरला असे, राजाच्या टांकसाळीतून बाहेर पडलेले, चोख सोन्याचे नाणे; आणि ते चावून बघायचे. हॅमोच्या जिवाला लागले. पण बोलणार कुणाशी? चावताना तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि पारख झाल्यावर निवाडा दिला तो चुलीपाशी पसरलेल्या बोक्याला.

“खरं आहे रे, गिब,” ती म्हणाली. “माझ्या लेकानं पाठवलंय. खोटं कसं असेल.”

नाणे घेऊन आलेला पास्को दारातच टोपी चुरगाळत उभा होता. तो कॉर्नवॉलकडचा खलाशी. कालच्या भरतीला त्याचे गलबत कॅलेहून नदीत शिरले होते. कॅले या फ्रेंच शहराच्या तटापुढे इंग्लंडच्या राजाची फौज मागच्या उन्हाळ्याअखेरीपासून ठाण मांडून बसली होती, आणि त्या फौजेतल्या तिरंदाजांत हॅमो आणि गनोराचा एकुलता एक मुलगा होता, थर्स्टन. त्याला कुठेतरी मोकाट सुटलेला फ्रेंच घोडा सापडला, तो त्याने एका सरदाराला विकला आणि आलेल्या पैशांतले हे अर्धा नोबल किमतीचे सोन्याचे नाणे फडक्यात बांधून घरी धाडले होते.

“आईच्याच हातात द्यायचं म्हणालाय, काकू,” पास्को म्हणाला. “तब्येत झकास आहे त्याची. दाढ दुखत होती, ती काढली. उद्याच्या भरतीला मी परत निघतोय. काही निरोप असला तर सांगा. आणि त्यानं एक विचारलंय.”

“काय विचारलंय माझ्या बाळानं?”

पास्कोने एकदा हॅमोकडे पाहिले, एकदा बोक्याकडे.

“आई बाबांशी बोलते का, असं विचारलंय.”

गनोराने पळी उचलली आणि भांड्यातला वाटाण्याचा रस्सा ढवळायला घेतला, नुकताच ढवळून झाला होता तरी. हॅमो स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघत बसला. ईस्टरआधीच्या उपासात मांस चालत नाही म्हणून खारा मासा खायला आलेले पाद्रीबाबा ओडो उगाचच खोकले. पास्को उत्तराची वाट न बघता “उद्या निघताना येतो” म्हणत सटकला.

उत्तर देण्यासारखे होतेच काय? थर्स्टन खांद्यावर धनुष्य टाकून गल्लीच्या वळणाआड गेला त्या सकाळपासून गनोराने नवऱ्याशी अबोला धरला होता. तोही गनोराने. लंडनच्या किल्ल्यातल्या टांकसाळ गल्लीत तिच्या तोंडाला तोंड देणारी बाई नव्हती. चिखलाचे बूट घेऊन घरात आलात, कपड्याला चिकटून आलेला लोखंडाचा कीस पावात पडला, चर्चमध्ये घोरलात, माझ्या भावाला बसा म्हणाला नाहीत. लग्न झाल्यापासून हॅमोने रोज बोलणी खाल्ली होती, आणि हे आपल्या वाट्याला आलेले भोग आहेत असे तो टांकसाळीत नाण्यांवर ठोके मारणाऱ्या गड्यांना सांगतही असे. मग एके दिवशी ते थांबले. जेवण वेळेवर, सदरे धुतलेले, अंथरूण घातलेले, सगळे जिथल्या तिथे. फक्त शब्द नाही. जे काही सांगायचे ते बोक्याला. हॅमोला घर खायला उठू लागले. त्याला तिची बोलणी हवी होती, अगदी मनापासून हवी होती, पण ही गोष्ट माणूस मागणार तरी कशी?

गनोराने नाणे टेबलावर ठेवले, जहाजाची बाजू खाली करून. तिचे तसेच असे. एका बाजूला गलबतात उभा असलेला राजा, हातात तलवार आणि ढाल, डोलकाठीशी बरोबरी करील एवढा उंच. हॅमोने आयुष्यात जे काही कोरले त्यात त्याला या जहाजाचा सगळ्यांत जास्त अभिमान होता. दोर न् दोर मोजून घ्यावा असा. पण तिला ते जहाज डोळ्यांसमोर नको होते, कारण असल्याच एका जहाजातून पोरगा गेला होता. म्हणून वर आली ती दुसरी बाजू: फुलांच्या टोकांचा क्रूस, त्याच्या चार कोपऱ्यांत मुकुट घातलेले बिबटे, आणि कडेने गोल फिरणारी अक्षरे.

“आण इकडे,” पाद्रीबाबा मासा बाजूला सारत म्हणाले. “लेकाची पहिली कमाई आहे. देवाचं वचन वाचतो आणि आशीर्वाद देतो.”

त्यांनी बोटे पुसली, नाणे उचलले आणि वाचू लागले. “दोमिने...” एवढे म्हणून ते थांबले. नाणे थोडे लांब धरले, मग उठून खिडकीपाशी गेले. त्यांची पाठ या सगळ्यांकडे होती, पण खांदे गदगद हलू लागले होते.

“हॅमो,” ते वळून म्हणाले, “या ओळीचा अर्थ माहीत आहे ना तुला?”

“तुम्हीच तर सांगितला होता, पाद्रीबाबा. प्रभो, रागावून मला बोलू नको.”

“हो. तसं असायला हवं. पण इथं तू लिहिलंयस, प्रभो, रागावून मला बोल.”

“असं कसं होईल?”

“झालंय खरं. बघ की. दोमिने म्हणजे प्रभो. त्याच्या पुढं यायला हवा ‘ने’, म्हणजे नको. दोमिने, ने. तो दुसरा ‘ने’ कुठाय? गायब.”

हॅमोने नाणे हातात घेतले. अक्षरे त्याला हाताने येत, लॅटिन भाषा येत नव्हती. ठशावर अक्षरे उलटी ठोकायची असतात, उजवीकडून डावीकडे, टोकाला अक्षर असलेला एकेक खिळा धरून. त्यात लॅटिनमध्ये ‘ने’ला दोन अक्षरे लागतात, आणि ‘दोमिने’च्या शेवटी जी दोन अक्षरे तीच पुढच्या शब्दाची. एकदा ठोकून झाली आणि नजर हलली की पुन्हा बघताना वाटणार, झाले की हे. तो बोटाने कडेवरून फिरत गेला. दोन अक्षरे, मग ठिपका, मग पुढचाच शब्द. खरोखरच नव्हता.

आणि तो दिवस त्याला लख्ख आठवला. थर्स्टन गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो हा ठसा कोरत होता. दुपारी गनोरा कामाच्या खोलीच्या दारात डबा घेऊन आली. रोज ती आली की दारातूनच सुरू होई, की सकाळी दाराला कडी लावली नाहीत, की कोंबड्या शेजारणीच्या वाफ्यात गेल्या. त्या दिवशी तिने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि काही न बोलता निघून गेली. हॅमो कितीतरी वेळ हातोडी हातात धरून रिकाम्या दाराकडे बघत राहिला. मग पुन्हा ठशाकडे वळला. ‘ने’ दिसला. तो पुढे गेला.

“एकच ठसा ना?” पाद्रीबाबा धीर देत म्हणाले. “ठोकून ठोकून कधीच मोडीत गेला असेल. नंतरचे बरोबर असतील.”

हॅमोने नाणे खाली ठेवले. नंतरचे बरोबर कसे असतील? नवा ठसा कोरताना तो जुना ठसा मेणावर उमटवून समोर ठेवी आणि त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घेई. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. तपासणाऱ्यांनी वजन तपासले, सोने कसाला लावले. अक्षरे कोण वाचतो? मागच्या उन्हाळ्यापासून या टांकसाळीतून निघालेला प्रत्येक अर्धा नोबल देवाला एकच सांगत होता, रागाव आणि बोल. आणि त्यातले बरेचसे पिंपांत भरून कॅलेला गेले होते, खुद्द राजाकडे.

पाद्रीबाबांच्याही हे ध्यानात आले असावे. त्यांचे हसू ओसरले.

“मी कुठं बोलणार नाही,” ते म्हणाले. “पण फौजेत पाद्री काय कमी आहेत? आज ना उद्या कुणीतरी वाचणारच. त्याआधी तू आपणहून मास्टर ऑब्रेंकडे जा. राजाचं नाणं आहे बाबा. एकीकडे राजा आणि पाठीमागे हे.”

मास्टर ऑब्रे टांकसाळीचे कारभारी. त्यांच्या मनात आले तर हॅमोची जागा जाणार, आणि जागेबरोबर हे घरही, कारण घर टांकसाळीचे होते. या वयात नवी जागा कोण देणार? पाद्रीबाबा गेले. घरात नवरा, बायको आणि बोका राहिले.

गनोरा कढई घासायला बसली. वाळूचा खरखराट सुरू झाला.

“काय राहिलं म्हणे, गिब?” तिने विचारले.

“सांग तिला,” हॅमो बोक्याला म्हणाला. “एक शब्द राहिला.”

“कुठला?”

“नको.”

खरखराट थांबला. गनोराने हातातला चोथा खाली ठेवला, हात पुसले, आणि पुसून कोरडे झाल्यावरही पुसतच राहिली.

“अहो,” ती म्हणाली.

हॅमोने आधी दाराकडे पाहिले, कोण आले म्हणून.

“तिकडं काय बघताय? तुम्हालाच म्हणतेय. दोन अक्षरं राहिली तर तोंडचं पाणी पळालं. माझा नको राहिला तेव्हा नाही पळालं ते.”

“गनोरा...”

“इथंच उभी होते मी, या चुलीपाशी. तो अंगणात. आईला विचारून या म्हणाला तुम्हाला, स्वतः यायचा धीर नव्हता त्याला. तुम्ही आत आलात, विचारलंत. मी काय म्हणाले?”

“नको म्हणालीस.”

“स्पष्ट म्हणाले. रागावून म्हणाले. आणि तुम्ही बाहेर जाऊन काय सांगितलंत? जा बाळा, आई हो म्हणतेय. अहो, मी इथून ऐकत होते. चुलीपाशी निघालेला नको अंगणात पोचेपर्यंत कुठं सांडलात तुम्ही?”

हॅमोला पुष्कळ कारणे देता आली असती. पोराचे तोंड बघवत नव्हते, अडवला असता तर पळून गेला असता, गल्लीतली सगळी पोरे निघाली होती. ही सगळी त्याने इतके महिने मनाशी घोकून ठेवली होती.

“चुकलो,” तो म्हणाला.

“कुठलं चुकलात? नाण्यावरचं की अंगणातलं?”

“दोन्ही.”

“त्यातलं मोठं कुठलं?”

“अंगणातलं.”

गनोराचे डोळे भरले होते, पण हे त्याला दिसले आहे असे कळताच ती कढईकडे वळली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. हिवाळ्यात पागोळीखाली ठेवलेलं पिंप फुटलं, तेव्हा तुम्ही कुठं होता? ते बूट. तो कीस. माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात तोंडातून अवाक्षर न काढता मूग गिळून बसलात, लोकांना वाटलं बायकोनं मारलंय. आणि या बोक्याला इतकं खायला घालता, वर बोलायचं ओझंही त्याच्यावरच, कसा हलणार तो? इतक्या महिन्यांचे साठलेले सगळे ओळीने येऊ लागले. हॅमोने वाडग्यात रस्सा वाढून घेतला आणि बाकावर टेकून शांतपणे जेवला. उद्या जागा जाणार की राहणार हे ठाऊक नव्हते, पण रस्सा फार दिवसांनी चवीचा लागला.

सकाळी तो निघाला तर ती शाल घेऊन दारात उभी.

“तू कशाला?”

“तुम्हाला एकट्याला पाठवलं तर अर्धंच सांगून याल. सवय माहीत झालीय मला.”

मास्टर ऑब्रे न्याहारी करत होते. हॅमोने सगळे सांगितले. जिथे तो अडखळला तिथे गनोराने पुरे केले. कारभाऱ्यांनी तिजोरीतून एक अर्धा नोबल मागवला, खिडकीत धरला, ओठ हलवत वाचला. मग दुसरा मागवला. तिसरा त्यांनी मागवला नाही.

“कुणाकुणाला माहीत आहे?”

“पाद्रीबाबांना,” हॅमो म्हणाला. “हिला. आणि देवाला.”

“देवाला उन्हाळ्यापासून माहीत आहे,” मास्टर ऑब्रे म्हणाले. ते खुर्चीत मागे रेलले आणि छताकडे बघू लागले. “गंमत अशी की इतके महिने आपण सगळे मिळून त्याला हे मागतोय, आणि त्यानं काही ऐकलेलं दिसत नाही. फौज धडधाकट आहे. राजेसाहेब धडधाकट आहेत.”

“आमचाही,” गनोरा म्हणाली. “नुसती दाढ गेली.”

कारभाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले आणि त्यांच्या मिशा हलल्या.

“गेलेली नाणी आता मागं आणता येत नाहीत. आणायला गेलो तर ज्यांनी वाचलं नाही तेही वाचतील. हॅमो, हाती असलेला ठसा घासून टाक आणि आजच्या आज नवा कर. इथून पुढं मेणावरून उतरवायचं नाही, आधी पाद्रीबाबांना दाखवायचं. जागा राहील. पण यंदाचा झगा मिळणार नाही.”

टांकसाळीतल्या माणसांना दरवर्षी ईस्टरला नवा लोकरी झगा मिळत असे. परतताना वाटभर गनोराने झग्याचा विषय सोडला नाही. जुन्याची कोपरं विरलीत. ठिगळ लावायला तसल्या रंगाचं कापड कुठून आणू? लोक काय म्हणतील, इतक्या वर्षांचा ठसे कोरणारा आणि हा अवतार. हॅमो तिच्या बरोबरीने चालत होता, आणि तिचे बोलणे संपू नये म्हणून त्याने जरा लांबचा, खंदकाकडचा रस्ता धरला. तेही तिच्या लक्षात आले आणि त्याबद्दलही तो बोलणी खाऊन बसला.

कामाच्या खोलीत तो ठसा पकडीत बसवून कामाला लागला. क्रूस, बिबटे, मुकुट आधीच कोरून ठेवलेला एक ठसा होता, फक्त कड रिकामी होती. गनोरा डबा घेऊन आली होती ती परत गेलीच नाही. स्टुलावर बसून झग्याचे चालू होते. हॅमो एकेक अक्षराचा खिळा उचली, टेकवी, ठोके. ‘दोमिने’ झाला. तो थांबला.

“का थांबलात?”

“इथं राहिला होता.”

ती उठून आली. लोखंडावर तिला काहीच कळण्यासारखे नव्हते, सगळी उलटी अक्षरे. पण ती वाकून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

“एवढीशी जागा लागते त्याला?”

“एवढीच. धर हा खिळा. सरळ धर, हलू देऊ नको.”

“मी?”

“तुझाच आहे.”

गनोराने दोन्ही हातांनी खिळा धरला. हॅमोने हातोडी उचलली.

“हळू,” ती म्हणाली. “बोट आहे माझं.”

पहिले अक्षर बसले, मग दुसरे. खिळा उचलल्यावर हॅमोने भिंगातून पाहिले. पहिले अक्षर जरासे कलले होते. एरवी असे झाले असते तर त्याने अख्खी कड घासून पुन्हा सुरुवात केली असती. त्याने वरची धूळ फुंकून काढली आणि पुढच्या शब्दाचा खिळा घेतला.

“वाकडं झालं ना?” गनोरा म्हणाली. “मला दिसतंय. मला कशाला धरायला लावलंत मग? तुमचं हे नेहमीचंच. त्या वेळी कुंपण घालताना पण खांब मला धरायला लावलात, तो अजून वाकडाच आहे. आणि शेजारीण जाता-येता बघून हसते...”

बाहेरून कुणीतरी खिडकीच्या चौकटीवर टकटक केले. पास्को होता, खांद्यावर गाठोडे. नदीला पाणी चढू लागले होते आणि तो घाईत होता.

“काका, निघालो मी. थर्स्टनला काय सांगू? त्यानं विचारलं होतं ते...”

आत गनोराचे कुंपण संपून कोंबड्या सुरू झाल्या होत्या. हॅमोने एक हात वर करून पास्कोला थांबवले आणि तो स्वतःही जरा वेळ ऐकत राहिला.

“ऐकू येतंय ना?” तो म्हणाला. “तेच सांग.”